आत माणूस, बाहेर कुलूप

सन दोन हजार तेवीस. मे महिन्याची पंचवीस तारीख, गुरुवार. नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत तापते नऊ दिवस, लागला तो दिवस. सकाळी इंदोऱ्यातल्या एका टिनाच्या खोलीचं दार बाहेरून ओढलं गेलं, कडी बसली, कडीत मला अडकवून दाबलं गेलं. दाबणाऱ्याने मला दोनदा हिसका देऊन पाहिलं आणि तो कामावर निघून गेला.

दाराआड कोणीतरी श्वास घेत होतं.

मी कुलूप बोलतोय. अंगाने पितळी, वजनाने भारी. खोटं बोलायची सवय नाही. गोड बोलायची तर मुळीच नाही. आयुष्यभर कापड राखलं, माल राखला. माणूस कधी कोंडला नव्हता. मला पहिल्याच दिवशी संशय आला.

संशय हा माझा धंदाच आहे. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

माझा जन्म अलिगढचा. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझ्या पोटातली एकेक पट्टी हाताने घासली. मी तयार झालो तेव्हा त्याने शाबासकी दिली नाही. शेजारच्या कुलपांच्या किल्ल्या आणून माझ्या तोंडात घालून पाहिल्या. एकही फिरली नाही, तेव्हा कुठे मला कागदात गुंडाळलं. समोर येणारी प्रत्येक किल्ली आपली नसते, हे मी तिथेच शिकलो. पुढे वेगळं शिकायची गरज पडली नाही.

तिथून गांधीबागेत आलो. एका कापडाच्या सेठने मला गोदामाला लावलं. गोदामाचा चौकीदार होता धोंडबा. इंदोऱ्याचा माणूस, उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. सेठचा धोंडबावर विश्वास नव्हता. धोंडबाचा सेठवर नव्हता. दोघांचा माझ्यावर होता. असं आमचं बरं चाललं होतं. पावसाळे गेले, उन्हाळे गेले. माझ्या हद्दीतून एक रुमालसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही.

मग ते गोदाम पाडलं, मोठी इमारत झाली, तिथे दुसऱ्या जातीची कुलपं आली. धोंडबाला घरी बसवलं. जाताना सेठ म्हणाला, "ले जाओ इसे, तुम्हारा ही साथी है." धोंडबाने मला घरी आणून भिंतीच्या खिळ्याला टांगलं. तिथे मी गंजलो. कोणी तेलाचा थेंब दिला नाही. म्हाताऱ्याला तरी कोण देतो?

धोंडबाच्या अंगणात एक जास्तीची खोली होती. ती रिकामी होती. एक दिवस त्याची बायको यमुताई बाहेरून आली ती बोलतच आली.

"खोली द्याची हाये मले. जरीपटक्यातल्या मिठाईवाल्याकडे एक मानूस कामाले हाये. नवराबायकोच हायेत. सिंधातून आले."

"सिंधातून म्हनजे पाकिस्तानातून," धोंडबा म्हणाला. "उद्या पोलीस माह्या दारात येतील."

"येतील तं चहा पाजजा त्याईले. त्या लोकाईपाशी समदे कागदं हायेत. जरीपटक्यात खोली परवडत नाही मनते बिचारा. रिकामी खोली आपन काय घुशीईसाठी ठेवली?"

धोंडबा गप्प राहिला. त्या घरात गप्प राहणं म्हणजे हरणं.

माणसाचं नाव खेमचंद. बायकोचं भगवंती. एक लोखंडी पेटी, एक बाज, थोडी भांडी, एवढा संसार. ती अंगणात शिरली तेव्हा तिने कोणाकडे पाहिलं नाही. आधी दार पाहिलं. दारावरची कडी पाहिली. कडी बाहेरून हलवून पाहिली. मग आत गेली. हे मी खिळ्यावरून पाहिलं आणि मनात टिपून ठेवलं. आल्या आल्या कडी पाहणारं माणूस चांगलं की वाईट, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. पण साधं नव्हे, एवढं नक्की.

धोंडबाने अट घातली, कुलूप माझंच लागेल. मला खिळ्यावरून काढलं, तोंडात खोबरेल सोडलं. एक किल्ली खेमचंदला दिली. दुसरी स्वतःच्या बंडीच्या खिशात ठेवली. दुसरीबद्दल तो बोलला नाही. मीही बोललो नाही.

आणि मग ती नवतप्याची सकाळ आली.

वर टिन, बाहेर आग. अंगणातलं कुत्रंसुद्धा न्हाणीच्या ओलीत पडून राहायचं. खोलीची खिडकी बंद. कूलर नाही. खेमचंद रोज सकाळी बायकोला आत ठेवून मला लावायचा आणि सायंकाळी येऊन काढायचा. आतून ओरड नाही, रडणं नाही. मात्र दिवसभरात कितीतरी वेळा आतून दार हिसकलं जायचं. कडी वाजायची, मी डुलायचो. मग सारं गप्प. थोड्या वेळाने पुन्हा हिसका.

मी समजलो. ही सुटायला बघते आहे.

यमुताईही तेच समजली. ती दाराशी येऊन म्हणायची, "बाई वं, पानी देऊ काय? खिडकी तरी उघड." तिचा आवाज आला की आतला श्वास थांबायचा. अगदी थांबायचा. मला दाराच्या फळीतून तो कळत असे. यमुताई गेली की मग हिसका.

एका सायंकाळी तिने खेमचंदला अंगणातच गाठलं. "काहून गा, बायकोले कोंडून काहून जाते तू?"

"माताजी, घर की बात है," तो खाली मान घालून म्हणाला.

"घर माहं हाये, बाबू."

त्याने मला काढलं, आत गेला, दार लोटून घेतलं. जो माणूस उत्तर देत नाही त्याच्याकडे उत्तर असतं, एवढं मी चौकीदाराच्या संगतीत शिकलो होतो.

यमुताईने दीक्षाला बोलावलं. ही दीक्षा एका संस्थेत कामाला होती. परमुलुखातून जीव घेऊन आलेल्या लोकांच्या मनाची काळजी घ्यायची, हे तिचं काम. स्कूटीवर यायची, डोक्यावरचं हेल्मेट काढून ओट्यावर ठेवायची, "जय भीम, काकाजी," म्हणायची.

धोंडबाने तिला वरून खाली पाहिलं. "मनाचं काम करते म्हनते तू. त्याचा पगार भेटते?"

"भेटते काकाजी. उशिरा भेटते, पन भेटते."

यमुताई हसली. धोंडबा हसला नाही. मीही नाही. मन कोणी पाहिलं आहे? न दिसणाऱ्या मालाची राखण करणारा माणूस मला कधी खरा वाटला नाही.

तिने खेमचंदला विचारलं, कुठले, तिकडे कोण राहिलं, इकडे कोण आहे, फोन कोणाला करता, बाईंना कुलपात का ठेवता. तो पाठ केल्यासारखा बोलत गेला आणि शेवटच्या प्रश्नाला उठून आत गेला. आधीचे प्रश्न त्याला पोलीस ठाण्यावर कागद दाखवताना विचारत असत. त्याला दीक्षा त्याच खात्याची वाटली. दुसऱ्या दिवसापासून तो लवकर जायला लागला, उशिरा यायला लागला. त्याचा तिच्यावर संशय, तिचा त्याच्यावर, धोंडबाचा दोघांवर. मला त्या अंगणात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

नवतपा संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासून आतून एकही हिसका आला नाही. दुपारी यमुताई दार ठोठावून थकली. आवाज नाही. तिने दीक्षाला फोन लावला. ती आली तेव्हा यमुताईचा चेहरा उतरला होता. "बाई मेली असंन वं आत. टिन पाय किती तापलं."

"कुलूप तोडावं लागेल," दीक्षा म्हणाली.

तेव्हा धोंडबाने बंडीच्या खिशात हात घातला.

यमुताई पाहतच राहिली. "दुसरी चाबी होती तुमच्यापाशी? अन् इतके दिवस मले सांगतलं नाही?"

"इचारलं कोनं?" धोंडबा म्हणाला आणि त्याने मला उघडलं.

बाई मेली नव्हती. डोक्यावर ओला पंचा, बाजूला पाण्याचं मडकं, हातात सुईदोरा. सकाळपासून उशीचा अभ्रा शिवण्यात गुंतली होती. तिने दारातला उजेड पाहिला. उजेडात तीन माणसं पाहिली. सुई खाली पडली. ओढणीचं टोक तिने तोंडात कोंबलं आणि ती धावली. दाराकडे नव्हे, बाजेखाली.

दीक्षा पुढे झाली. "चलो बहन, अब डरो मत," म्हणत तिने तिचा दंड धरला आणि तिला बाहेर काढू लागली. भगवंतीने तिच्या हाताला कडकडून चावा घेतला. मग डोळे फिरवले आणि तिथेच पडली. तिला उचलून अंगणात आणलं, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आली, उघडं आभाळ पाहिलं, आणि अशी ओरडली की तसं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सायंकाळी खेमचंद आला. मी उघडा लटकत होतो. "किसने खोला?" त्याने विचारलं. त्याने बायकोकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर ती बोलेना, जेवेना. खेमचंदने पेटी बांधायला काढली. इंदूरला कोणी नातलग होते, तिकडे जातो म्हणाला.

दीक्षा सकाळीच आली. हाताला पट्टी. ती आत गेली नाही. दाराबाहेर, माझ्या खाली, ओट्यावर बसली आणि आत ऐकू जाईल असं बोलली. "मैंने बिना पूछे खोला. गलती मेरी है. आगे कोई बिना पूछे नहीं खोलेगा."

माफी मागणारा माणूस पुढे काहीतरी मागतो, असा माझा अनुभव. मी वाट पाहिली. तिने काही मागितलं नाही. नुसती बसली. प्रश्न नाही, कागद नाही. ऊन चढलं तशी सावलीला सरकली. अखेर खेमचंद बाहेर येऊन तिच्याजवळ बसला. पेटी अर्धी बांधलेली होती. तो आपणहून बोलायला लागला.

सिंधमध्ये त्यांच्या गावात एकदा दंगा उसळला. जमाव गल्लीत शिरत होता. हा तालुक्याला गेला होता. घरात भगवंती आणि त्याची आई. समोर एक म्हातारी मुसलमान शेजारीण राहायची. ती धावत आली, दोघींना आत ढकललं, बाहेरून दाराला स्वतःच्या घरचं कुलूप लावलं आणि तांदळाचं सूप घेऊन त्याच उंबऱ्यावर निवडत बसली. जमाव आला. ती म्हणाली, हे लोक कालच गेले, ताला दिसत नाही का? लोकांनी कुलूप ओढून पाहिलं. पक्कं होतं. पुढची दोन घरं जळली. हे वाचलं. भगवंती ओढणी तोंडात धरून रात्रभर आत बसली होती. आई नंतर महिनाभरात गेली. त्या शेजारणीला भेटायलाही मिळालं नाही, एवढ्या घाईने गाव सोडावं लागलं.

"मैं उसको बंद नहीं करता, दीदी," खेमचंद म्हणाला. "वो करवाती है. बाहर ताला न हो तो साँस नहीं लेती. मैं किसको बोलूँ? बोलूँ तो लोग कहेंगे औरत पागल है, नहीं तो कहेंगे मरद जल्लाद है."

यमुताई बाजूला उभी होती. पदर तोंडाला लावला तिने. धोंडबा उठून मागच्या बाजूला गेला आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिला.

मी मात्र त्या दुसऱ्या कुलपाचाच विचार करत राहिलो. आत कोणी नाही, असं सांगून ते लटकत राहिलं आणि आत दोन जीव होते. कुलूप खोटं बोलू शकतं, हे मला माहीत नव्हतं. आणि ते हिसके! ती सुटायला बघत नव्हती. मी पक्का आहे की नाही, हे पाहत होती. सगळं आयुष्य दुसऱ्यावर संशय घेतला, आणि ही बाई दिवसभर माझ्यावर घेत होती. राग आला. नंतर विचार केला, तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मीही ओढून पाहिलं असतं.

तुम्हालाही सांगतो. दारावर कुलूप दिसलं म्हणून घर रिकामं समजू नका. आणि कोंडलेलं माणूस दिसलं म्हणून एकदम ओढून बाहेर काढू नका. आधी विचारा.

पेटी पुन्हा बाजेखाली गेली. दवाखान्यांच्या धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी दीक्षाच्या फोनवरून भगवंतीला पाहिलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली. दार उघडलं नाही. दीक्षा म्हणाली, कुलूप राहू द्या, फक्त किल्ल्या तिच्या हातात जाऊ द्या.

धोंडबा उखडला. "माह्या घराची चाबी मी देऊन टाकू?"

"घर डोक्यावर घेऊन नाही पळत ते," यमुताई म्हणाली. "द्या मुकाट्यानं."

त्याने बंडीतली किल्ली काढली आणि खिडकीच्या फटीतून आत दिली. आतून एक हात आला, किल्ली घेऊन गेला. त्या दिवसापासून खेमचंद मला बाहेरून लावायचा आणि आपली किल्लीही त्याच फटीतून आत टाकायचा. बाहेरचा कोणी उघडू शकत नव्हता. आतली मात्र केव्हाही किल्ली बाहेर देऊन उघडून घेऊ शकत होती. असला कारभार मी पाहिला नव्हता. मला त्यात काहीतरी डाव वाटला. दीक्षाकडे मी बारीक नजर ठेवली.

दुसऱ्या दिवशी यमुताई सूप घेऊन आली आणि ओट्यावर, माझ्या खाली, बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तुरीची डाळ निवडू लागली.

"माह्या जेवनाचं काय?" धोंडबाने घरातून विचारलं.

"झाकून ठेवलं हाये. हात नाहीत काय तुमाले?"

ती रोज बसू लागली. डाळ संपली की भाजी, भाजी संपली की गोधडी. आणि बोलायची. आतून उत्तर यायचं नाही, तरी बोलायची. "आयक वं भगवंती. हा माहा नवरा गोदामावर होता ना, एक खेप चोर पकडला म्हनून शिट्टी फुंकून समदा गांधीबाग जागा केला. पायते तं बकरी! सेठानं इचारलं, धोंडबा, ठान्यात नेतं काय इले?"

दाराआड एक आवाज झाला. दबलेला, नाकातून आलेला. हसणं होतं ते. हसण्यावर माझा भरवसा नाही. माणसं दुकानात शिरताना हसतात आणि निघताना माल नेतात. पण तो आवाज मी ऐकला हे खरं.

पाऊस लागला. एक दिवस ऊनपाऊस सोबत होता आणि यमुताईच्या डोक्यावर पाणी पडत होतं. आतून शब्द आले, "माताजी, आप अंदर... आप भीगो मत." तेवढेच. यमुताई हातातलं सूप तसंच धरून बसली. दीक्षाला तिने फोन केला तेव्हा दोघी फोनवरच रडल्या. मला रडण्याचाही संशय आहे. पण असो.

आतून बोलणं वाढलं तसं दीक्षाने खिडकीशी बसून एकदा विचारलं, "ताला खींचने से क्या पता चलता है, भगवंती?"

आतून एक हिसका आला. मग उत्तर आलं, "के मैं हूँ."

पोळा झाला. दीक्षा म्हणाली, आता कुलूप आतल्या बाजूने लावून पाहू. धोंडबाने स्वतः आतून कडीकोयंडा ठोकला. ठोकण्याआधी त्याने दाराबाहेरून विचारलं, "येऊ काय गा आत?" पुरुषाला म्हणायचं गा तो बाईला म्हणाला, गडबडीत. आतून आवाज आला, "आओ, बाबूजी."

मग मला बाहेरून काढलं आणि भगवंतीने आपल्या हाताने आतून लावलं. माझं सारं आयुष्य उन्हात, पावसात, दाराच्या बाहेर गेलं. खोली आतून कशी असते, ते मी तेव्हा पाहिलं. बाज. पेटी. कोनाड्यात सिंध्यांच्या झुलेलाल देवाची तसबीर. शिवलेल्या अभ्र्यांची चळत. राखायला काही विशेष नव्हतं. ती जवळ आली, मला ओढलं. थोड्या वेळाने पुन्हा ओढलं. पण हिसका हलका होत गेला. कधी नुसता हात ठेवून जायची.

सगळ्यांची एकच इच्छा होती. तिने ओट्यापर्यंत यावं. यमुताईजवळ घडीभर बसावं. दार हातभर उघडायचं, ती चौकटीशी उभी राहायची, बाहेरून यमुताई म्हणायची, "ये वं, मी हावो ना." पाय उचलायचा, मागे जायचा. दार बंद. मी बंद. खेमचंद म्हणायचा, "एक बार आँगन तक आ जाए, दीदी, फिर मैं कुछ नहीं माँगूँगा." दीक्षा म्हणायची, जाऊ द्या, घाई नको. माझं मत कोणी विचारलं नाही. मला विचाराल तर ती येणार नव्हती. कुलूप किती घट्ट बंद आहे, हे कुलपाला कळतं. तसंच माणसाचं.

दसरा आला. त्या दिवशी इंदोऱ्यात घरात कोणी राहत नाही. पांढरे कपडे घालून गल्लीच्या गल्ली दीक्षाभूमीवर जाते. लेकरं, म्हातारी, सगळी. दीक्षा तिथे पाणी वाटायला गेली होती. खेमचंद मिठाईच्या कारखान्यात, सणाचा दिवस म्हणून. धोंडबाचे गुडघे धरले होते, म्हणून तो घरी राहिला. यमुताई भगवंतीसाठी राहिली.

दुपार होती. अंगणात काहीतरी धपकन पडलं. मग यमुताईचा आवाज आला.

"अहो! अहो, काय झालं तुमाले?"

धोंडबाचा आवाज आला नाही. नुसती घरघर आली. यमुताई गल्लीत धावली असावी, तिची हाक लांबून ऐकू आली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं घेत होती. एकही दार वाजलं नाही. सगळ्या दारांना माझे भाऊबंद लटकत होते, आणि या खेपेला ते खरं बोलत होते. आत कोणी नव्हतं.

ती परत आली. "भगवंती! अवं भगवंती, माह्या मानसाले पाय वं! छाती धरून पडला!"

भगवंती दाराच्या आत, माझ्यासमोर उभी होती. आणि तिचा श्वास थांबला होता. बाहेर आरडाओरडा, आत श्वास बंद. ओढणी तोंडाकडे गेली. मला वाटलं, झालं. आता ही बाजेखाली जाईल. तिने मला ओढलं. पक्का होतो. पुन्हा ओढलं. बाहेर यमुताईचा आवाज फुटला, नुसतं रडणं उरलं.

ओढणी तोंडातून खाली पडली. किल्ली माझ्या तोंडाला लागली आणि घसरली. दुसऱ्यांदा लावली, पुन्हा घसरली. मी कधी कोणाला मदत करत नाही, तो माझा धर्म नाही. पण त्या दिवशी किल्ली शिरली तेव्हा मी अडलो नाही. गंज होता, तरी अडलो नाही.

दार उघडलं. ती मला मुठीत धरूनच बाहेर पडली. ओटा कधी ओलांडला ते तिलाही कळलं नाही. मागे दार सताड उघडं.

धोंडबा घामाने भिजला होता, ओठ काळे पडले होते. तिने यमुताईला त्याचं डोकं मांडीवर घ्यायला लावलं आणि ती अनवाणी गल्लीतून रस्त्याकडे धावली. मी मुठीत होतो. मनात म्हटलं, ही आता पळाली. उजेडात आली, वाट सापडली, कोण कोणासाठी परत येतं?

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि येणाऱ्या ऑटोपुढे हात पसरले. ऑटोवाल्याने करकचून ब्रेक मारला. "मराले निघाली काय, बाई?"

"धंतोली चलो. हार्ट का है."

"आज समदीकडे गर्दी हाये. रस्ते बंद हायेत."

"तो दूसरे रस्ते से चलो! गली में आओ पहले!" ती ओरडली. एवढी मोठ्याने की ऑटोवाला दचकला. त्याने गाडी गल्लीत घातली. धोंडबाला उचलून आत घेताना तो म्हणाला, "चप्पल तं घाल, बाई." तिने ऐकलं नाही. घरात परत गेलीही नाही. पुढे चालकाच्या बाजूला बसली आणि वाटभर पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीकडे पाहत, "हटो भाई, रास्ता दो, मरीज है," म्हणत राहिली. माझ्या कडा तिच्या तळहातात रुतत होत्या. सोडलं नाही तिने मला.

धंतोलीला धोंडबाला आत घेतलं. एक काचेचं दार लागलं. दाराशी एक रखवालदार, चेहऱ्याने माझ्याच स्वभावाचा. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. वेळेवर आणलं म्हणाले. धोका टळला आहे, पण रात्रभर लक्ष ठेवावं लागेल, इथे कोणीतरी थांबा. यमुताईचा मुलगा पुण्याला होता, तो सकाळी पोचणार होता.

यमुताईच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं. भगवंतीने तिला चहा पाजला, बिस्किट खायला लावलं.

"तुह्यं दार उघडं राह्यलं वं," यमुताईला एकदम आठवलं. "अन् तू... तू बाहेर हायेस पोरी."

"रहने दो," भगवंती म्हणाली.

यमुताई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग बाकावर आडवी झाली. भगवंतीने आपली ओढणी घडी करून तिच्या डोक्याखाली दिली. मला मुठीतून काढून बाकाखाली जमिनीवर ठेवलं. उघडंच. स्वतः काचेच्या दाराजवळ फरशीवर मांडी घालून बसली. रखवालदार म्हणाला, बाई, बाकावर बसा. ती उठली नाही. कोणी दाराकडे आलं की ती मान वर करून विचारायची, "किससे काम है?"

यमुताईला झोप लागली. भगवंती दाराशी बसून राहिली.

सिंधमधल्या त्या उंबऱ्याचं देणं फिटलं.